भुवई फुटली आणि सोयरीक जुळली

तरुणपणी मी बॉक्सिंग करायचो असं कुणाला सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे कुस्ती ना?" नाही, कुस्ती नाही. कोल्हापूरच्या माणसाला हातापायांचा दुसरा काही उपयोग असू शकतो हे पटतच नाही. सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या त्या वर्षांत तर हे समजावून सांगताना माझं तोंड दुखायचं. गल्लीतल्या म्हाताऱ्यांचं ठाम मत होतं, की पेठेतली चांगली तालीम सोडून मास्तरांचा पोरगा हाताला उशा बांधून नाचायला जातो.

आम्हाला शिकवणारे गृहस्थ लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले होते. आपल्या पलटणीसाठी ते वर्षानुवर्षं रिंगणात उतरले होते. नाक दोनदा मोडलेलं, एक कान जरासा बंद. त्यांना 'वस्ताद' म्हटलेलं खपायचं नाही. "वस्ताद तालमीत. हितं कोच म्हणायचं," असं ते बजावायचे, आणि सगळे त्यांना वस्तादच म्हणायचे. मी मधला मार्ग काढून 'हवालदार' म्हणायचो. कळंब्याच्या बाजूला त्यांचं घर होतं. तिथून ते रोज पहाटे सायकल मारत जिमखान्यात यायचे. मुख्य इमारतीच्या मागे एक पत्र्याची शेड त्यांनी मागून घेतली होती. चार खांब, त्यांना काथ्याचे दोर, दोरांवर जुनी धोतरं गुंडाळलेली, आणि कोपऱ्यात वाळू भरलेलं एक पोतं. एवढंच आमचं सगळं वैभव. यासाठी त्यांना कुणी काही देत नव्हतं आणि ते मागतही नव्हते. पुन्हा एकदा कुणाला तरी रिंगणात उभं करायचं, एवढ्या एका गोष्टीवर त्या माणसाचा दिवस चालायचा.

पण जिमखान्याच्या कमिटीला त्या शेडमध्ये टेबल टेनिसची टेबलं टाकायची होती. वकील-डॉक्टर मंडळी संध्याकाळी खेळायला येत, त्यांना जागा पुरत नव्हती. कमिटीने हवालदारांना साफ सांगितलं, हे शेवटचं वर्ष. या वर्षी तुमचा एक तरी पोरगा राज्य स्पर्धेला गेला तर शेड तुमची, नाहीतर आमची. हवालदारांनी ते आम्हाला सकाळी रांगेत उभं करून सांगितलं आणि दोरीवरच्या उड्या सुरू करायला लावल्या.

आम्ही सातआठ जण होतो. त्यात खरे कामाचे दोघेच, मी आणि माझा जोडीदार. तो कागलकडच्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातला. कॉलेजसाठी शहरात खोली घेऊन राहायचा. आधी तालमीत जायचा, मग कुणाच्या तरी नादाने आमच्या शेडमध्ये आला आणि रमला. आमचं वजन जवळजवळ सारखं, उंची सारखी. त्याचा उजवा हात माझ्यापेक्षा जड होता आणि माझे पाय त्याच्यापेक्षा हलके होते. त्यामुळे स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, हवालदार आम्हा दोघांनाच समोरासमोर उभं करायचे.

ज्यांनी कधी ठोसा खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोत्यावर कितीही मारा, पोतं उलटून मारत नाही. माणसाच्या तोंडावर नीट ठोसा बसला की पहिल्यांदा डोळे मिटतात, मान फिरते, आणि शिकलेलं सगळं विसरायला होतं. हे विसरणं मोडायचं असेल तर रोज थोडा थोडा मार खावा लागतो. दुसरा उपाय नाही. आम्ही वर्षभर एकमेकांना प्रामाणिकपणे मारलं. तो मारताना शिव्या द्यायचा, मी पण द्यायचो. संपल्यावर बाहेर गाडीवर मिसळ खायचो, आणि फुटलेल्या ओठाला तिखट कट लागला की दोघेही कळवळायचो. मला वाटतं माझ्या आयुष्यात तेवढं सुखाचं वर्ष दुसरं नव्हतं.

सगळी नासाडी माझ्याच एका चांगल्या ठोशाने झाली. एका सकाळी मी डावा दाखवून उजवा टाकला आणि तो बरोबर त्याच्या भुवईवर बसला. भुवई फुटली, रक्त थांबेना. माझं घर जवळ होतं म्हणून मी त्याला घरी नेलं. आईने हळद दाबली, दूध दिलं, जेवल्याशिवाय सोडला नाही. वाढायला माझी थोरली बहीण होती. आक्का तेव्हा बी.ए. होऊन घरीच होती आणि आबा, म्हणजे आमचे वडील, तिच्यासाठी स्थळं बघून बघून थकले होते. हा बेटा एक डोळा बांधलेला असताना उरलेल्या डोळ्याने आमचं घर, आईचा हात, आक्काचं वागणं सगळं नीट बघून गेला. रविवारी गावी जाऊन त्याने आपल्या आईला सांगितलं, आपल्या दादासाठी पोरगी बघितलीय. पुढच्या आठवड्यात त्याचे चुलते, मामा, आई आणि तो दादा आमच्या दारात. पोहे झाले. पत्रिका बघायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही. बैठक झाली आणि सुपारी फुटली.

मला आनंद झाला होता. माणसं सरळ होती, दादा साखर कारखान्यात नोकरीला होता, आक्का खूश दिसत होती. दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो तो मजेतच. हातांना पट्ट्या बांधल्या, ग्लोव्हज चढवले, दोरांच्या आत शिरलो. समोर जोडीदार उभा. काल-परवापर्यंत मला 'ये की लेका, मर' म्हणणारा हा माणूस दोन्ही ग्लोव्हज छातीशी जोडून म्हणाला, "या पावणं."

मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. त्या दिवसापासून त्याचा हात माझ्या तोंडावर पडेना. तो मारायचा, पण दंडावर, फार तर बरगडीवर, तेही दारावर टकटक केल्यासारखं. चुकून कधी गालाला लागलं तर लगेच थांबून विचारायचा, "लागलं न्हाय न्हवं?" मी चिडून जोरात मारलं तर तो ते मुकाट्याने घ्यायचा. एकदा तर मी मारलेल्या ठोशाने माझंच मनगट मुरगळलं आणि हा पठ्ठ्या माझं मनगट चोळायला बसला.

हवालदार बघत होते. त्यांनी आधी प्रेमाने सांगितलं, मग शिव्या घातल्या. समोर पाव्हणा नाही, तुझ्या उसाला आग लावणारा चोर आहे असं समज, म्हणाले. त्यावर तो म्हणाला, चोर असता तर मारलाच असता की, पण हे चोर न्हाईत, दादाचं मेव्हणं हाईत. तालमीत वाढलेल्या माणसाची आणखी एक अडचण होती. कुस्तीत आपटलं तर मान असतो, पण तोंडावर हात टाकणं हा अपमान. बॉक्सिंगसाठी त्याने तो अपमान कसाबसा गिळला होता. सोयरीक झाल्यावर तो त्याच्या घशात पुन्हा वर आला.

मग हवालदारांनी माझ्यासाठी दुसरा जोड शोधला. पेठेतल्या तालमीतला एक गडी, माझ्यापेक्षा दहाएक किलोने भारी. त्याला हातमोजे घालून, नियम समजावून रिंगणात सोडला. मी दोन ठोसे मारले. तिसऱ्याला त्याने वाकून माझा पट काढला, मला उचललं आणि पाठीवर चीत करून दाद मिळावी म्हणून शेडमध्ये चहूकडे बघितलं. बाकीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. हवालदारांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. गडी आम्हाला विचारत होता, आता काय चुकलं.

घरची तऱ्हा वेगळी नव्हती. लग्नाची तारीख विभागीय निवड स्पर्धेच्या पंधरवडा आधीची निघाली. मी पुढे ढकला म्हणालो तर आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पंचांगच फाडायला निघालो होतो. आईची अट होती, माझ्या तोंडावर व्रण नको आणि नवऱ्या मुलाच्या भावाच्या तोंडावर तर मुळीच नको, फोटो निघणार आहेत. म्हणजे स्पर्धा जवळ आलेली, सरावाची खरी गरज, आणि दोन कुटुंबं मिळून आमची तोंडं फोटोसाठी जपत होती. लग्नात नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो. मी तो असा पिळला की दादा उठून उभा राहिला. मांडव हसला. खरं सांगतो, त्या कानात माझा तीन महिन्यांचा राग होता.

विभागीय स्पर्धा आमच्याच गावात होती. सांगली, सातारा, इचलकरंजीकडची पोरं आली. मैदानात मातीच्या चौथऱ्यावर रिंगण उभारलं होतं, पंच मुंबईहून आलेले. आमच्या शेडमधले बाकीचे सगळे पहिल्याच दिवशी हरले. आम्ही दोघे मात्र जिंकत गेलो. जोडीदाराने साताऱ्याच्या पोराला तर दुसऱ्याच फेरीत बसवला. त्याचा उजवा हात शाबूत होता. परक्यांवर तो छान चालत होता. मीही कसाबसा निभावलो, पण सांगलीच्या पोराचा पहिला ठोसा तोंडावर बसला तेव्हा मी क्षणभर गोंधळलो, इतकी सवय मोडली होती.

त्यामुळे आमच्या वजनाच्या अंतिम लढतीत आम्हीच दोघे समोरासमोर आलो. हवालदारांचा चेहरा मी तेव्हा बघितला. वर्षभराचं ओझं उतरलं होतं. कुणीही जिंको, एक जण राज्य स्पर्धेला जाणार आणि शेड राहणार. त्यांनी त्या आनंदात संध्याकाळीच पेढ्यांचा पुडा आणून ठेवला. आम्हाला एवढंच म्हणाले, उद्या फक्त नीट लढा.

त्याच संध्याकाळी आमच्या घरी दोन्हीकडची वडीलधारी मंडळी जमली. आक्का माहेरपणाला आली होती, तिला न्यायला सासू आणि चुलत सासरे आले होते. चहा झाला आणि विषय निघाला. पुढची घटना सांगताना आजही माझं डोकं तापतं. माझे वडील, ज्यांनी वर्षभर माझ्या बॉक्सिंगकडे ढुंकून बघितलं नव्हतं, ते हात जोडून म्हणाले, उद्या तुमच्या मुलाने जिंकावं, आम्ही मुलीकडचे, आम्हाला ते शोभेल. आक्काची सासू म्हणाली, छे, नवी सून घरात आलीय, तिच्या भावाला हरवून आम्ही तिला तोंड कसं दाखवायचं, तुमच्याच मुलाने जिंकावं. आबा म्हणाले नाही. चुलते म्हणाले व्हय. मानपानात माणसं हक्कासाठी भांडतात हे ऐकलं होतं, इथे दोन घरं एकमेकांना जिंकण्याचा आग्रह करत होती, आणि आम्ही दोघे भिंतीला टेकून उभे. हवालदारांची शेड, कमिटी, वर्षभराचा घाम, यातला एक शब्द कुणी ऐकून घेतला नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर आबा म्हणाले, मोठी माणसं बोलतायत.

शेवटी निकाल लागलाच नाही. जाताना आबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझ्या बहिणीला तिथं जन्म काढायचाय. तू मारू नको." तिकडे फाटकापाशी त्याची आई त्याला नेमकं हेच सांगत होती, हे मला त्याच्या मान हलवण्यावरून कळलं.

मी मात्र ठरवलं होतं, लढायचं. आबांना काय वाटेल ते वाटो. मला त्याला एकदा खरंखुरं हरवायचं होतं, किंवा हरायचं होतं. सकाळी कपडे करताना मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. शेडचं काय होईल तेही सांगितलं. तो ऐकून घेत होता, बुटांच्या नाड्या बांधत होता. मला वाटलं पटलं.

घंटा झाली. मी पुढे झालो, डावा मारला. त्याने हात वर घेऊन अडवला. पुन्हा मारला, पुन्हा अडवला. तो मारेना. मी फिरत होतो, तो माझ्याबरोबर फिरत होता, आणि दोन्ही कोपरं पोटाशी लावून नुसता उभा. पंचांनी थांबवून ताकीद दिली. मैदानात जमलेलं कोल्हापूर कुस्त्या बघून बघून तयार झालेलं. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी ओरडलं, "आरं, वरात संपली न्हाय का अजून?" सगळं मैदान हसलं. पहिल्या रांगेत आमची दोन्ही कुटुंबं शेजारी शेजारी बसली होती. आक्का डोक्यावर पदर घेऊन सासूच्या बाजूला.

दुसऱ्या फेरीत त्याने हातही खाली सोडले. चेहरा उघडा. मी त्याला म्हणालो, हात उचल. रिंगणात बोलायचं नसतं, त्यासाठी मला दुसरी ताकीद मिळाली. मग मी मारला. पूर्ण ताकदीने, तोंडावर. त्याचं नाक फुटलं, रक्त हनुवटीवर आलं. त्याने ते ग्लोव्हजने पुसलं आणि पुन्हा तसाच उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "मारा पावणं, माझं काय न्हाय."

मी आणखी एक मारू शकलो असतो. दहा मारू शकलो असतो. पण खांबाला कोण किती मारणार? मला त्या क्षणी त्याची दया आली नाही, राग आला. एवढा राग की हात जड झाले. मी हात खाली केले आणि आम्ही दोघे, वर्षभर एकमेकांची हाडं मोजलेले, भर मैदानात एकमेकांकडे बघत नुसते उभे राहिलो. मुंबईच्या पंचांनी असला प्रकार आधी बघितला नसावा. त्यांनी आम्हाला बोलावलं, शेवटची ताकीद दिली, पुन्हा उभं केलं. तिसऱ्या फेरीत दोघांनाही बाद केलं. विजेता कुणी नाही. आमच्या वजनाच्या यादीत पुढे दुसऱ्या जिल्ह्याचं नाव लागलं.

खाली उतरलो तर दोन्ही घरची मंडळी प्रसन्न. आबांनी चुलत्यांचा हात हातात घेतला. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं बाई, कुणीच कुणाला हरवलं नाही, दोन्हीकडचा मान राहिला. कुणाला तरी बाकावरचा पेढ्यांचा पुडा दिसला. त्यांनी तो सोडला आणि एकमेकांना भरवला. एक पेढा माझ्यापुढेही आला. मी तो घेतला नाही, एवढंच.

हवालदार दोर धरून उभे होते. आम्ही दोघे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिलो. मला वाटलं शिव्या देतील, निदान एक थोबाडीत मारतील. त्यांनी जोडीदाराचं नाक वर करून बघितलं, मोडलेलं नाही याची खात्री केली आणि कापूस दिला. मग म्हणाले, "तुमचा मान ऱ्हायला. माझं काय ऱ्हायलं?"

जोडीदार मान खाली घालून उभा होता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मी मारलं होतं, मी लढायला तयार होतो. पण ते सांगून शेड परत मिळणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सवयीने शेडमध्ये गेलो. जोडीदार आधीच आलेला, नाक सुजलेलं, हातांना पट्ट्या बांधत बसलेला. हवालदार सायकल टेकवून आत आले, आम्हाला बघून थांबले. आम्ही विचारल्याशिवाय दोरांच्या आत गेलो. मी पवित्रा घेतला आणि त्याचा डावा थेट माझ्या तोंडावर बसला. मागोमाग उजवा. मी दोन पावलं मागे गेलो, डोळ्यांपुढे अंधारी आली, ओठ दातावर फुटला. मग मीही सुटलो. तीन फेऱ्या आम्ही एकमेकांना असं मारलं की तसं वर्षभरात मारलं नव्हतं. त्याने एकदाही विचारलं नाही, लागलं का. मी एकदा गुडघ्यावर बसलो, तो एकदा दोरांवर पडला. कोण जिंकलं ते सांगता येणार नाही, पण त्याचा हात माझ्यापेक्षा जड होता हे मला त्या दिवशी पक्कं कळलं.

हवालदारांनी तिसरी फेरी संपेपर्यंत घड्याळ हातात धरलं होतं. आम्ही धापा टाकत त्यांच्याकडे बघितलं. बाहेर जिमखान्याचा शिपाई टेबलांची मापं घ्यायला आला होता, तो दारातच थबकून बघत होता.

"झकास," हवालदार म्हणाले. "आता दोर सोडायला हात लावा."